छातीतली गिरणी

मी एक जुना स्टेथोस्कोप आहे. ज्या वर्षी दवाखान्यातल्या इलारियाच्या धाकट्या बहिणीचे लग्न झाले आणि वाजंत्र्यांचा मोठा ढोल उतारावरून गडगडत थेट ओढ्यात गेला, त्या वर्षी मी विलाकोयोला आलो. सालाचा आकडा कोणाच्या लक्षात नाही, पण तो ढोल सगळ्यांच्या लक्षात आहे. माझे वय विचारले की लोक ढोलापासून मोजतात.

मित्रांनो, आपली कहाणी सांगायला बसले की जो तो आपली थोरवी सांगतो. माझ्यापाशी सांगण्यासारखी थोरवी थोडी आणि कबूल करण्यासारखी गोष्ट एक. ती मी मान खाली घालून सांगणार आहे. तसाही मी खिळ्याला टांगलेला असतो, त्यामुळे माझी मान खालीच असते.

माझा जन्म दूर समुद्रकाठच्या एका कारखान्यात झाला. काळी रबरी नळी, वर दोन कान, खाली एक गोल तोंड आणि तोंडावर ताणून बसवलेला पातळ पडदा, एवढाच माझा संसार. छातीतला आवाज तोंडाने घ्यायचा, नळीतून वर न्यायचा आणि ऐकणाऱ्याच्या कानात जसाच्या तसा ओतायचा. वाटेत काही सांडायचे नाही, आणि आपल्या पदरचे काही मिसळायचे नाही. इतके साधे काम होते. तेच माझ्याकडून नीट झाले नाही.

एका तरुण डॉक्टरच्या पिशवीतून मी इथे आलो. विलाकोयो ही पोतोसी शहराच्याही वरच्या अंगाला असलेली कथलाच्या खाणीची वस्ती. खालून येणाऱ्या माणसाला इथे बुटाची नाडी बांधतानाही दम लागतो. डॉक्टर तीन महिने टिकला. जाताना त्याने मला दवाखान्यातल्या परिचारिकेच्या, म्हणजे इलारियाच्या, गळ्यात घातले आणि इथे बाईला मानाने हाक मारतात तशी हाक मारून म्हणाला, "दोन्या इलारिया, हा तुमच्याकडेच राहू दे. माझ्यापेक्षा याला थंडी जास्त सोसेल."

त्याचा अंदाज चुकला. पण ते पुढे येईल.

इलारिया खाणकामगाराची मुलगी. तिशी उलटल्यावर ती लिहायला शिकली. वहीत लिहिताना जीभ दातांत धरून ती एकेक अक्षर कोरायची. नोंदी लहान असायच्या. श्वास नीट. नाडी नीट. हृदय नीट. माझे तोंड बाळाच्या छातीला लावण्याआधी ती मला आपल्या बगलेत धरून ऊब द्यायची, म्हणून पोरे दचकत नसत. आया आपसांत म्हणायच्या की इलारियाचे यंत्र लेकरांना रडवत नाही. हे ऐकून मी फुगून जायचो. कौतुक फार वाईट, मित्रांनो. ज्याच्यात खोट आहे त्याला तर ते मुळीच पचत नाही.

माझ्यातली खोट तिसऱ्या हिवाळ्यात आली. रात्री भांड्यातले पाणी गोठायचे. माझे रबर कडक होत गेले आणि जिथे नळीला दोन फाटे फुटतात तिथे केसाएवढी चीर पडली. चिरेतून बाहेरचा आवाज आत शिरू लागला. आणि विलाकोयोत बाहेरचा आवाज म्हणजे गिरणी. खाणीतला दगड दळणारी ती गिरणी रात्रंदिवस घरघरते. तिच्याबरोबर पत्रे घरघरतात, ताटे घरघरतात, म्हाताऱ्यांचे हलणारे दातही घरघरतात. इथे जन्मलेल्या माणसाला ती ऐकू येत नाही. तुम्हाला तुमच्या पापण्यांचा आवाज येतो का? तसेच ते.

पण माझ्या नळीतून ती इलारियाच्या कानात घुसली, तेव्हा तिने मला उलटसुलट करून पाहिले, चीर शोधली आणि तिच्यावर चिकटपट्टी गुंडाळली. घरघर कमी झाली, गेली नाही. मग इलारियाने तिची सवय करून घेतली. तांदूळ निवडताना खडा बाजूला काढावा, तशी ती प्रत्येक छातीतून गिरणी बाजूला काढायची आणि उरलेले ठोके मोजायची.

पुढच्या वर्षी जिल्ह्याहून औषधांच्या पेटीत एक नवा स्टेथोस्कोप आला. इलारियाने त्याला गळ्यात घालून पाहिले आणि काढून ठेवले. "हा वरच्या वाडीला धाडा," ती म्हणाली. "माझा म्हातारा माझ्या हाताला बसलाय." त्या दिवशी मला केवढा आनंद झाला होता. आज त्या आनंदाचीच मला सगळ्यांत जास्त लाज वाटते.

दाल्मिरा जन्मली ती त्यानंतर. तिची आई बासिलिया खाणीच्या तोंडाशी बसून हातोडीने दगड फोडायची आणि कथलाचे तुकडे वेगळे करायची. बाप तेओफिलो खाली सुरुंगाची भोके पाडायचा. इलारिया आणि बासिलिया लहानपणच्या मैत्रिणी, म्हणून दाल्मिराचे जावळ काढताना पहिली बट इलारियाने कापली. आमच्याकडे पहिली बट कापणारी बाई मुलीची दुसरी आई होते. त्या दिवसापासून त्या दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणू लागल्या. एका लेकराच्या दोन आया, असे ते नाते.

पोर अशक्त होती. दूध पिताना तिच्या कपाळावर घाम यायचा आणि चार घोट घेतले की ती दमून सोडून द्यायची. बासिलिया दर महिन्याला तिला दवाखान्यात आणायची. आमच्याकडे तान्ह्या बाळाला विणलेल्या पट्ट्याने घट्ट गुंडाळतात, वर तीन-चार लोकरी कपडे असतात, आणि छाती उघडी केली तर वारे लागून बाळ जाते अशी सगळ्यांची खात्री असते. म्हणून इलारिया कपडे काढायची नाही. खालून हात घालून ती मला डाव्या बरगडीशी टेकवायची, जिथे ठोके मोजायला सोपे. गळ्याच्या हाडाखाली तिने मला कधी नेलेच नाही.

तरीही मी ऐकले. दाल्मिराच्या छातीत एक घरघर होती. ठोका पडला तरी चालू, ठोका सरला तरी चालू, थांबायचे नावच नाही. चिरेतून येणारी घरघर मला मानेशी लागायची. ही मात्र तोंडातून वर चढायची. मला दोन्ही वेगळ्या कळत होत्या. पण इलारियाच्या कानात पोचेपर्यंत माझ्यातच त्यांची मिसळ व्हायची, आणि ती सवयीप्रमाणे दोन्ही एकदमच बाजूला काढून टाकायची. मग जीभ दातांत धरून लिहायची, हृदय नीट.

पोर का वाढत नाही, यावर वस्तीत सगळ्यांकडे उत्तर होते. कोणी म्हणे, इतक्या उंचावर पोरे अशीच असतात. कोणी म्हणे, सुरुंगाच्या आवाजाने भेदरून हिचा जीव कुठेतरी मागे राहिला आहे. एका जाणत्याने तिची टोपी हातात घेऊन, टेकडीवर उभे राहून, तिच्या जिवाला नाव घेऊन हाका मारल्या. तेवढे चार दिवस ती बरी जेवली.

दाल्मिरा मोठी झाली ती बसूनच. इतर मुली उतारावर पळायच्या, ही दगडावर बसून त्यांच्या शर्यतीचा निकाल द्यायची. मुली तिला राणीसाहेब म्हणायच्या. ती म्हणायची, "राणी पळत नसते. तुम्ही पळा." सातव्या वर्षी तिच्या छातीतली घरघर विरत गेली आणि मग थांबली. मला तर सुटल्यासारखे झाले. वाटले, सांगायचे राहिलेले आता सांगायला नको. लपवलेली गोष्ट आपोआप नाहीशी झाली की अपराध्याला वाटते, तसे. ती का थांबली हे मला तेव्हा कळले नव्हते.

दाल्मिरा नऊ वर्षांची असताना बासिलियाला दुसरी मुलगी झाली, वितालिया. ती आठ महिन्यांची असताना कार्निवलचा मंगळवार आला. त्या दिवशी आमच्याकडे कोणतेही हत्यार कामाला लावत नाहीत. घराला, हातोडीला, ट्रकला रंगीत कागदाच्या पट्ट्या बांधतात आणि धरणीमायच्या नावाने दारू शिंपडतात. इलारियाने माझ्या गळ्यातही एक पिवळी पट्टी बांधली होती. मला वाटले, चला, आज सुट्टी.

दुपारी बासिलिया आली. वितालियाला खोकला झाला होता, छातीचा भाता चालला होता. इलारियाने मला बगलेत ऊब दिली, खालून आत नेले आणि ऐकू लागली. मग तिने मला कानांतून काढले. परत घातले, परत काढले.

"कोमाद्रे, आज गिरणी चालू आहे का गं?"

"आज कशी असेल? सकाळीच तिला दोन बाटल्या पाजल्यात," बासिलिया हसली. "तेओफिलोपेक्षा आधी झोपली ती."

इलारिया हसली नाही. तिने स्टोव्ह जवळ ओढला आणि बाळाचे कपडे काढायला लागली. बासिलिया ओरडली, वारे लागेल म्हणाली. इलारियाने तिचा हात बाजूला केला. पट्टा सोडला आणि पहिल्यांदाच मला वर, डाव्या गळ्याच्या हाडाखाली टेकवले. बाहेर गिरणी मेल्यासारखी पडली होती, आणि बाळाच्या छातीत ती चालू होती.

इलारियाने विचारले, "दाल्मिरा कुठंय?"

दाल्मिरा दाराबाहेर बसली होती. ती आत आली. तिच्या छातीत मला काहीच सापडले नाही. इलारियाचा श्वास मोकळा झाला. मग तिला काय वाटले कोण जाणे, ती खाली बसली आणि तिने पोरीचे लोकरी मोजे काढले. हाताची बोटे गुलाबी होती, पायाची बोटे जांभळट निळी. नऊ वर्षांत दवाखान्यात कोणी तिचे पाय पाहिले नव्हते. आमच्याकडे पाय झाकलेलेच असतात.

"थंडीने असतात ते तसे," दाल्मिरा म्हणाली. "मला लहानपणापासून आहेत."

चौथ्या दिवशी त्या चौघी बसने ला पाझ शहराला निघाल्या. मी इलारियाच्या गळ्यात होतो. तिथल्या इस्पितळात ग्रिसेल्डा नावाची डॉक्टरीण होती. तिने दोघी मुलींच्या छातीवर एक यंत्र फिरवले आणि पडद्यावर रक्ताची धार रंगांत दाखवली. तिने सांगितले की आईच्या पोटात असताना प्रत्येक बाळाच्या हृदयाजवळ, दोन मोठ्या रक्तवाहिन्यांच्या मध्ये, एक छोटी वाट उघडी असते. जन्मल्यावर बाळ श्वास घेऊ लागले की दोन-चार दिवसांत ती मिटते. उंचावरच्या विरळ हवेत पुष्कळ बाळांची ती मिटत नाही. मग अंगाकडे जायचे रक्त त्या वाटेने फुफ्फुसांकडे पळत राहते. थांबत नाही, म्हणून तो आवाज यंत्रासारखा अखंड येतो.

वितालियाची वाट बुजवता येणार होती. त्यासाठीचे बूच डॉक्टरणीने तळहातावर ठेवून दाखवले. आपल्याच डोंगरातल्या बायकांनी एका अखंड बारीक तारेतून ते विणले होते. बोटाच्या पेराहून लहान, दोन्हीकडे फुगीर, मध्ये बारीक. मांडीच्या रक्तवाहिनीतून बारीक नळीने ते हृदयापर्यंत न्यायचे आणि वाटेत सोडायचे, छाती न कापता.

बासिलियाने ते नखाने उलटून पाहिले. "आयुष्यभर धातू डोंगराच्या छातीतून काढला," ती म्हणाली. "आता पोरीच्या छातीत घालायचा म्हणता." मग तिने ते पुन्हा पाहिले. वीण चांगली आहे, एकही टाका सुटलेला नाही, असे म्हणाली. "ही तर टोपीच. दाल्मिरालाही एक द्या. तिला थोडी मोठी लागेल."

डॉक्टरणीने बूच परत घेतले. मग तिने हळूच सांगितले की दाल्मिराची वाट आता बुजवता येणार नाही. इतकी वर्षे जोराचे रक्त सोसून तिच्या फुफ्फुसांतल्या वाहिन्या टणक झाल्या आहेत. आता रक्त उलटे वाहते, म्हणून पाय निळे, म्हणून आवाजही बंद. ती वाट मिटवली तर हृदयातल्या रक्ताला जायला जागाच राहणार नाही. औषधाने थोडा आराम पडेल, बरी मात्र होणार नाही. पहिल्या-दुसऱ्या वर्षी आणली असती, तर तिलाही अशीच टोपी बसली असती.

"तुमच्याकडे कोणी हिची छाती ऐकली नाही का?" डॉक्टरणीने विचारले. तिच्या आवाजाला धार होती.

बासिलियाला राग आला. "ऐकली ना. दर महिन्याला ऐकली. माझी कोमाद्रे फार जपून ऐकते. काही नव्हतंच तेव्हा."

इलारियाला गप्प राहता आले असते. वही विलाकोयोत होती, आणि वहीतही हृदय नीटच होते. मी तिच्या छातीवर होतो. तिचे हृदय किती जोराने चालले होते ते मला कळत होते.

"होतं," ती म्हणाली. "मी ऐकलं. मला गिरणी वाटली."

त्यावर दाल्मिराच म्हणाली, "म्हणजे माझ्यात गिरणी होती? तरीच. गिरणी कधी पळते का? एका जागी बसूनच चालते ती."

डॉक्टरणीने मला इलारियाच्या गळ्यातून काढले, चिकटपट्टी उलगडली आणि चिरेवरून बोट फिरवले. इतकी वर्षे झाकलेली माझी चीर दिव्याखाली उघडी पडली. ती म्हणाली की हे कधीच फेकून द्यायला हवे होते. इलारियाने माझी बाजू घेतली नाही. घेऊही नये.

दोन दिवसांनी वितालियाला ती तारेची टोपी बसवली. इलारियाने शेवटचे म्हणून मला तिच्या गळ्याच्या हाडाखाली लावले आणि चीर अंगठ्याने दाबून धरली. लुब् डुब्, लुब् डुब्. मध्ये स्वच्छ शांतता. इतका नितळ आवाज मी कधी वाहिला नव्हता, आणि तो वाहायला मला अंगठ्याचा आधार लागत होता.

परतीच्या बसमध्ये बासिलियाने उकडलेले बटाटे सोडले. मुलींना दिले, स्वतः घेतला आणि एक पुढे करून म्हणाली, "घ्या, दोन्या इलारिया."

कोमाद्रे म्हणाली नाही. इलारियाने बटाटा हातात घेतला आणि विलाकोयो येईपर्यंत तो तसाच धरून बसली.

गावात आल्यावर इलारिया सर्वांत आधी गिरणीच्या मुकादमाकडे गेली. महिन्यातून एकदा अर्धा तास गिरणी थांबवा, मला मुलांच्या छात्या ऐकायच्या आहेत, असे तिने मागितले. मुकादम म्हणाला, "दोन्या, कार्निवल सोडला तर ही गिरणी थांबवायला संप तरी लागतो, नाहीतर कोणीतरी मरावं लागतं."

"ते दुसरं ठरलंय," इलारिया म्हणाली. "म्हणूनच आले."

त्याने हात झटकले. कार्निवलनंतरच्या दुसऱ्या महिन्यात, पहिल्या सोमवारी, दगड फोडणाऱ्या बायका हातोड्या घेऊन आल्या आणि गिरणीत दगड नेणाऱ्या पट्ट्यावर ओळीने बसल्या. सर्वांत पुढे बासिलिया होती. मुकादमाने शिव्या दिल्या, मग बटण दाबले. वस्ती एकदम गप्प झाली. दवाखान्यासमोर एकवीस आया लेकरे घेऊन उभ्या होत्या. इलारियाच्या गळ्यात डॉक्टरणीने दिलेला नवा स्टेथोस्कोप होता. ती एकेक छाती उघडत होती, एकेक मोजा काढत होती. तेव्हा पट्ट्यावरून आवाज आला, "कोमाद्रे, जरा लवकर ऐक. इथे बायकांची बुडं गारठलीत."

त्या सकाळी एका सहा महिन्यांच्या बाळात घरघर सापडली. त्यालाही ला पाझला नेले. दर महिन्याचा तो अर्धा तास अजून चालू आहे.

मला इलारियाने फेकले नाही. दारासमोरच्या खिळ्याला टांगले, आत येताना रोज दिसेन असे. पिवळी पट्टी अजून गळ्यात आहे, तिचा रंग उडाला आहे. येणारी मुले विचारतात की हे कशाला ठेवले. इलारिया चिकटपट्टी उलगडून त्यांना चीर दाखवते. मित्रांनो, लोकांनी माझी चीर पाहावी, हेच आता माझे काम. तुमच्याही हातात एखादे हत्यार असेल, त्याला चीर पडली असेल, आणि ते हाताला बसले आहे म्हणून तुम्ही चिकटपट्टीवर भागवत असाल. कृपा करून तसे करू नका. आपल्या माणसाच्या छातीवर कान ठेवाल, तेव्हा आधी बाहेरचा आवाज बंद करा. बाळाचे कपडे काढायचा आळस करू नका, वाऱ्याने बाळ इतक्या सहज जात नाही. आणि पाय बघा. पाय कोणी बघत नाही.

पुढची वर्षे दाल्मिरा दवाखान्यातच बसायची. तिचे अक्षर सुरेख होते, म्हणून वही तीच लिहायची. एकदा इलारिया बाहेर गेलेली असताना तिने मला खिळ्यावरून काढले, कानांत घातले आणि स्वतःच्या छातीला लावले. बराच वेळ ऐकत होती. चिरेतून गिरणी आत येत होती, बाकी फक्त ठोके होते. "म्हाताऱ्या," ती मला म्हणाली, "तुला अजून गिरणीच ऐकू येते." रागावली नव्हती. पट्टी सरळ करून तिने मला परत टांगले.

वितालिया आता सात वर्षांची आहे आणि उतारावर सगळ्यांच्या पुढे पळते. दाल्मिरा मामानी, बासिलिया आणि तेओफिलो यांची थोरली मुलगी, गेल्या ऑगस्टच्या नऊ तारखेला, बुधवारी सकाळी, वयाच्या सोळाव्या वर्षी वारली. तेव्हा गिरणी चालू होती.